केऑन नेमके किती? नांदेडहून एम.एस्सी. प्रकल्पाच्या नोंदी

8 जुलै 2024, सोमवार

विषय फायनल, सरांनी आज सही केली. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळल्यावर चार्ज असलेले जे हॅड्रॉन (क्वार्कपासून बनलेले कण) बाहेर पडतात त्यात पायॉन किती, केऑन किती, प्रोटॉन किती हे ओळखून मोजायचं, आणि नुसतं एकूण नाही तर कुठल्या पीटीला किती तेही, म्हणजे प्रत्येकाचा स्पेक्ट्रम काढायचा (पीटी म्हणजे बीमला आडवा मोमेंटम).

डिटेक्टर तिकडं जिनिव्हाजवळ जमिनीखाली आहे. आपल्याकडं काय आहे तर पायथिया 8.3 (अशा टकरी कॉम्प्युटरवर घडवणारा प्रोग्राम), प्रकल्पात सोबत असलेल्या शुभांगीचा लॅपटॉप, डिपार्टमेंटचे दोन डेस्कटॉप, आणि हेपडेटा या वेबसाइटवर कुणालाही फुकट उतरवता येणारे अ‍ॅलिस आणि सीएमएस या तिथल्या दोन डिटेक्टरचे छापलेले आकडे. प्लॅन असा आहे की टकरी पायथियात घडवायच्या, निघालेल्या कणांवर आपण लिहिलेला छोटा नकली डिटेक्टर चालवायचा, मग खरं नाव झाकून ठेवून फक्त त्या डिटेक्टरला जे दिसलं त्यावरून मोजणी करायची आणि शेवटी झाकण काढून बघायचं किती जुळलं. सर म्हणले, नुसतं पायथिया चालवून ग्राफ काढणारे लई झाले, मोजणी करून दाखवा. मला पण तेच पाहिजे होतं.

गावाकडं सांगितलं तर वसमतला सगळ्यांना वाटतंय मी औंढ्याच्या लायगोवर काम करायलो. तो वेगळा प्रयोग, गुरुत्वीय लहरींचा, पण निदान हिंगोली जिल्ह्यात आता फिजिक्स हा शब्द चहाच्या हॉटेलात निघतो, हे मला लई भारी वाटतं.

15 जुलै

दोन्ही डेस्कटॉपवर पायथिया बसलं. 7 टीईव्ही (एनर्जीचं एकक, 1 टीईव्ही म्हणजे 1000 जीईव्ही, 1 जीईव्ही म्हणजे 1000 एमईव्ही; मोमेंटम आणि वस्तुमान पण याच एककात लिहितो), इनइलास्टिक टकरी (ज्यात नवीन कण बनतात), मोनाश ट्यून (पायथियाच्या पॅरामीटरचा ठरलेला संच). 7 टीईव्ही एवढ्यासाठी की त्या एनर्जीला अ‍ॅलिसचा 2015 चा पेपर आहे ज्यात पायॉन 0.1 ते 3 जीईव्ही, केऑन 0.2 ते 6 आणि प्रोटॉन 0.3 ते 6 जीईव्हीपर्यंत मोजलेत, आणि सीएमएसचा 2012 चा पण आहे, 0.1 ते 1.7 च्या आसपास. म्हणजे ताडून बघायला दोन वेगवेगळ्या डिटेक्टरचे आकडे मिळतात.

नकली डिटेक्टर अ‍ॅलिससारखा करायचं ठरलं. मॅग्नेटिक फील्ड 0.5 टेस्ला, मग टीपीसी, म्हणजे गॅसचा 5 मीटर लांब ड्रम, आणि साधारण 3.7 मीटरवर टॉफ, म्हणजे कण पोचायला किती वेळ लागला ते मोजणारा थर. सीएमएस निवडलं असतं तर फील्ड 3.8 टेस्ला, ओळख सिलिकॉनमधल्या एनर्जी लॉसवरून. अ‍ॅलिस कण ओळखण्यात भारी, म्हणून तो.

29 जुलै

हा पूर्ण आठवडा डीई-डीएक्सवर, म्हणजे कण दर सेंटिमीटरला किती एनर्जी सोडतो त्यावर गेला, आणि गेला ते चांगलंच झालं.

ट्रॅकची (कणाच्या वाटेची) वक्रता मोजली की मोमेंटम कळतो, पण कण कोण ते कळत नाही. पायॉनचं वस्तुमान 139.6 एमईव्ही, केऑनचं 493.7, प्रोटॉनचं 938.3. मोमेंटम सारखा असला तर जड कण हळू चालतो, आणि हळू चालणारा कण गॅसमधून जाताना जास्त एनर्जी सोडतो. 0.5 जीईव्हीला प्रोटॉन पायॉनच्या तिपटीहून जास्त सोडतो, तिथं ओळखायला काहीच त्रास नाही, ग्राफवर पट्टे चांगले फाकलेले दिसतात. वर जाल तसे पट्टे जवळ येतात, 1 जीईव्हीच्या आसपास पायॉन आणि केऑन एकमेकांवर चढतात, आणि त्याच्या आधी 0.5 च्या जवळपास केऑनच्या पट्ट्यातून इलेक्ट्रॉनचा पट्टा आडवा निघून जातो. तिथं टीपीसी एकट्यानं काही सांगू शकत नाही.

दुसरी अडचण लँडाऊची शेपटी. गॅसमधला प्रत्येक ठोका वेगळा असतो, बहुतेक छोटे, पण मधेच एखादा ठोका एवढा मोठा येतो की सरळ सरासरी घेतली तर ती त्याच्याच मागं पळते. म्हणून ट्रंकेटेड मीन घ्यायचा, एका ट्रॅकचे जास्तीत जास्त 159 सँपल मिळतात, ते लहान-मोठे लावायचे, खालचे 60 टक्के ठेवायचे आणि वरचे सोडून द्यायचे. वरचे 40 टक्के फेकून उत्तर सुधारतं हे पहिल्यांदा पटत नाही. शुभांगीनं दोन्ही सरासऱ्यांचे हिस्टोग्राम एकाखाली एक लावले, वरचा बेढब आणि उजवीकडं ओढलेला, खालचा जवळजवळ गॉशियन, साधारण 5 टक्के रुंदीचा. तो कागद आता डिपार्टमेंटच्या भिंतीवर आहे.

14 ऑगस्ट

टॉफ. मला सगळ्या प्रकल्पात हा भाग सगळ्यात जास्त आवडलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

3.7 मीटर जायला प्रकाशाला 12.3 नॅनोसेकंद लागतात. 1 जीईव्हीचा पायॉन 12.5 ला पोचतो, केऑन 13.8 ला, प्रोटॉन 16.9 ला. घड्याळाची अचूकता 80 पिकोसेकंद धरली तर पायॉन आणि केऑनमधलं 1.3 नॅनोसेकंदाचं अंतर म्हणजे सोळा सिग्मा (एक सिग्मा म्हणजे घड्याळाच्या अचूकतेएवढं अंतर), वादच नाही. आता 3 जीईव्हीला जा, तेच अंतर फक्त 150 पिकोसेकंद उरतं, दोन सिग्मा पण नाही. प्रोटॉन मात्र तिथंही केऑनपेक्षा 0.4 नॅनोसेकंद मागं असतो, म्हणून प्रोटॉन वेगळा काढणं आणखी वरपर्यंत जमतं. 80 पिकोसेकंदात प्रकाश फक्त 2.4 सेंटिमीटर जातो! एवढं बारीक मोजणारे थर लोकांनी बनवलेत, रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर, काचेच्या पातळ पट्ट्या आणि मधी गॅसच्या फटी.

प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत एक गोष्ट वेगळी आहे. ट्रॅक कमी असतात, त्यामुळं टक्कर नेमकी कधी झाली ती सुरुवातीची वेळच कच्ची लागते आणि एकूण अचूकता 120 पिकोसेकंदाच्या आसपास जाते. आम्ही दोन्ही आकडे टाकून बघितले, 120 ला पायॉन-केऑन 2 जीईव्हीच्या थोडं वर गेलं की मिसळायला लागतात.

ही युक्ती जुनी आहे. 1955 मध्ये बर्कलीला बेव्हाट्रॉन या मशीनवर अँटिप्रोटॉन (प्रोटॉनचा प्रतिकण) सापडला तो असाच, दोन काउंटर साधारण 12 मीटर अंतरावर, पायॉनला 40 नॅनोसेकंद आणि अँटिप्रोटॉनला 51. चेंबरलेन आणि सेग्रे यांना 1959 चं नोबेल त्याचंच.

आता मुद्द्याचं. पट्टे मिसळले की एका एका ट्रॅककडं बोट दाखवून हा केऑन असं म्हणता येत नाही, आणि म्हणायची गरज पण नाही. मोंढ्यातल्या बंद पोत्यात तूर आणि हरभरा मिसळलेत, दाणा दिसत नाही, फक्त एकेका दाण्याचं वजन कळतंय असं समजा. एखादा दाणा तुरीचा का हरभऱ्याचा ते छातीठोक सांगता यायचं नाही, पण हजारो दाण्यांची वजनं मांडली तर दोन ढीग दिसतात आणि पोत्यात तूर किती ते बऱ्यापैकी नेमकं निघतं. आपलं काम तेच. प्रत्येक पीटी बिनमध्ये (पीटीच्या छोट्या टप्प्यात) वेळेचा हिस्टोग्राम घ्यायचा, त्यात पायॉन, केऑन, प्रोटॉनचे तीन आकार आणि चुकून जुळलेल्या ट्रॅकचा चौथा आकार बसवायचा, आणि प्रत्येकाखालचं क्षेत्रफळ वाचायचं.

20 ऑगस्ट

वरच्यात भर. खालच्या बाजूला टॉफला दोन मर्यादा येतात. 0.5 टेस्लात 0.28 जीईव्हीपेक्षा कमी पीटीचा कण गोल फिरून परत येतो, 3.7 मीटरपर्यंत पोचतच नाही. आणि केऑन रस्त्यातच फुटतो! केऑनचा सी-टाऊ (सरासरी आयुष्य गुणिले प्रकाशाचा वेग) 3.71 मीटर, म्हणजे बरोबर टॉफच्या अंतराएवढा. सरळ रेषेत धरलं तरी 0.5 जीईव्हीचे शंभर केऑन निघाले तर टॉफपर्यंत 37 च्या आसपास पोचतात, 1 जीईव्हीचे 61. त्याच 0.5 जीईव्हीला पायॉन 88 पोचतात आणि प्रोटॉन तर फुटतच नाही. म्हणजे ही दुरुस्ती न लावता कुणी केऑन-पायॉन गुणोत्तर छापलं तर ते खाली जाऊन अर्ध्याहून कमी दिसेल. फुटलेल्या केऑनचा बहुतेक वेळा म्यूऑन होतो, ट्रॅकला मधीच कोपरा पडतो, आणि हा म्यूऑन कधी कधी पायॉनच्या ढिगात जाऊन बसतो.

दुरुस्तीचा तक्ता शुभांगी बनवायलीय, प्रत्येक कणाचा वेगळा, अधिक आणि उणे चार्जचा पण वेगळा.

3 सप्टेंबर

पोळ्याला गावी गेलो होतो. नांदेड, परभणी, हिंगोली सगळीकडं पावसानं झोडपलंय, सोयाबीन पाण्यात, काकांच्या वावरात अजून पाय ठेवता येत नाही. काम काही नाही झालं आणि करावंसं पण वाटलं नाही.

11 सप्टेंबर

घरी महालक्ष्म्या. आई आणि काकू रात्री उशिरापर्यंत सोळा भाज्यांचं बघत होत्या, मी मोबाईलवरून डिपार्टमेंटच्या मशीनवर लॉगिन करून रन लावला.

हा रन कशासाठी ते लिहून ठेवतो. पायथिया आपल्या मर्जीनं लॅम्डा, के-शॉर्ट, सिग्मा (इथं हे कणाचं नाव) वगैरे थोडाच वेळ जगणारे कण सगळे फोडून टाकतं. मग लॅम्डातून निघालेला प्रोटॉन टकरीतला म्हणायचा का नाही? अ‍ॅलिस आणि सीएमएस दोघांचा नियम असा की ज्याचा सी-टाऊ 1 सेंटिमीटरपेक्षा जास्त तो कण स्थिर धरायचा आणि त्याच्यातून निघालेले मोजायचे नाहीत. लॅम्डाचा 7.9 सेंटिमीटर आहे, के-शॉर्टचा 2.7, म्हणजे दोघांची पिल्लं बाहेर. पायथियात त्यासाठी एक ओळ आहे, आयुष्याची मर्यादा 10 मिलिमीटर. ती लावलेला आणि न लावलेला असे दोन रन शेजारी ठेवले, प्रोटॉनचा स्पेक्ट्रम ठळक बदलतो, आणि बदल खालच्या पीटीला जास्त. केऑन जवळपास आहे तिथंच.

ज्याला कुणाला पायथियाची छापील आकड्यांशी तुलना करायचीय त्यानं ही ओळ सगळ्यात आधी बघावी असं मला मनापासून वाटतं.

18 सप्टेंबर

काल मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, झेंडावंदन झालं की सर स्वतः म्हणले या, बसू. दुपारभर फीड-डाऊन, म्हणजे दुसरे कण फुटून निघालेल्या कणांची भर.

खऱ्या डिटेक्टरमध्ये लॅम्डा फुटतोच, त्याला 10 मिलिमीटरची ओळ माहीत नाही. त्याच्या 64 टक्के फुटींतून प्रोटॉन आणि पायॉन निघतात, आणि प्रोटॉन जड असल्यानं लॅम्डाचा बहुतेक मोमेंटम तोच घेऊन जातो, त्यामुळं तो जवळपास सरळ जातो आणि टकरीतल्या प्रोटॉनसारखाच दिसतो. वेगळा करायचा तर डीसीए बघायचा, ट्रॅक मागं ओढला तर टकरीच्या बिंदूपासून किती अंतरावरून जातो ते. टकरीतले प्रोटॉन शून्यावर टोकदार शिखर करतात, लॅम्डाचे जरा पसरलेले असतात, आणि तिसरा प्रकार म्हणजे बीम पाईपमधून किंवा डिटेक्टरच्या मालातून (तो ज्या पदार्थांचा बनलाय त्यातून) ठोकर लागून उडालेले प्रोटॉन, ते दूरपर्यंत सपाट पसरतात. परत तेच, तीन आकार, एक हिस्टोग्राम, क्षेत्रफळ.

अँटिप्रोटॉनला हा तिसरा प्रकार नसतो, मालातून अँटिप्रोटॉन कुठून उडणार. म्हणून तिथली मोजणी एका बाजूनं स्वच्छ, पण दुसऱ्या बाजूनं अँटिप्रोटॉन मालात शोषला जातो आणि ते किती हे सिम्युलेशनवर अवलंबून. एवढं सगळं निस्तरून अ‍ॅलिसनं 2010 मध्ये गुणोत्तर छापलं: 0.9 टीईव्हीला दर प्रोटॉनमागं 0.957 अँटिप्रोटॉन, 7 टीईव्हीला 0.991. म्हणजे 7 टीईव्हीला मधल्या भागात जवळपास जेवढे प्रोटॉन तेवढेच अँटिप्रोटॉन. आलेल्या दोन प्रोटॉनचं मधल्या भागात काहीच राहत नाही, जे दिसतं ते नवीन जन्मलेलं. दोन टक्क्याच्या आत हे सांगायला किती लोकांनी किती बारीक काम केलं असेल, मला याचं फार अप्रूप आहे.

26 सप्टेंबर

रॅपिडिटीची (वाय, कण बीमच्या दिशेनं किती वेगानं जातो त्याचं माप) छोटी गोष्ट, पण रिपोर्टमध्ये पाहिजेच. आपण मोजतो ते मधल्या भागात, वाय उणे 0.5 ते अधिक 0.5. पण वाय काढायला वस्तुमान लागतं आणि वस्तुमान तर आपण अजून शोधायलोय! पीटी 0.3 जीईव्ही आणि ईटा (ट्रॅकच्या बीमशी असलेल्या कोनावरून निघणारं माप) 0.8 असलेला एकच ट्रॅक घ्या, पायॉन धरला तर वाय 0.74, बाहेर. प्रोटॉन धरला तर 0.27, आत. म्हणून एकाच ट्रॅकला तीनदा बसवून बघायचं, प्रत्येक गृहीतकाला वेगळी खिडकी आणि वेगळा फिट. अ‍ॅलिसवाले पण प्रत्येक कणाचा वेगळा फिट का करतात ते आता नीट समजलं.

5 ऑक्टोबर

लेव्ही-सालिस फंक्शन बसवलं. खाली एक्स्पोनेन्शियलसारखं आणि वर पॉवर लॉसारखं वागतं, तीन पॅरामीटर: एकूण उत्पादन, एक तापमानासारखा आकडा, आणि शेपटी किती जाड ते सांगणारा. फिट कशाला, तर 0.3 जीईव्हीच्या खाली प्रोटॉन मोजताच येत नाहीत आणि एकूण संख्या तर पाहिजे, मग न दिसणारा भाग फंक्शनवरून भरायचा. पायॉनला हा भाग छोटा, प्रोटॉनला जास्त. बोल्ट्झमान वगैरे दुसरी फंक्शन बसवून जो फरक येतो तो सिस्टिमॅटिक एररमध्ये टाकला.

आणि झाकण काढलं! खऱ्या नावांनी मोजलेलं आणि आपण ओळखून मोजलेलं, पायॉन पूर्ण रेंजमध्ये एररच्या आत, प्रोटॉन पण. केऑन 2 जीईव्हीपर्यंत एररच्या आत, त्याच्या वर एरर बारच एवढे वाढतात की तिथले बिंदू रिपोर्टात देणार नाही. शुभांगीनं सगळ्यांना चहा पाजला.

23 ऑक्टोबर

मल्टिप्लिसिटी. टकरीतून एकूण किती ट्रॅक निघाले त्याप्रमाणं गट पाडले आणि प्रत्येक गटात सरासरी पीटी काढली. ट्रॅक वाढले की सरासरी पीटी वाढते, पायॉनची थोडी, केऑनची जास्त, प्रोटॉनची सगळ्यात जास्त. सीएमएसच्या पेपरमधली मला आवडलेली गोष्ट अशी की 0.9, 2.76 आणि 7 टीईव्हीच्या टकरी घेतल्या आणि ट्रॅकची संख्या सारखी ठेवली तर स्पेक्ट्रम जवळपास सारखेच निघतात. एनर्जी किती टाकली यापेक्षा किती कण जन्मले याला जास्त महत्त्व. आम्ही 0.9 टीईव्हीचा वेगळा रन लावून बघितलं, पायथिया पण बऱ्यापैकी हेच म्हणतं.

मग कलर रीकनेक्शन बंद करून तोच रन, आणि सरासरी पीटीची चढण जवळपास सपाट झाली. म्हणजे पायथियात ही चढण येते ती वेगवेगळ्या स्ट्रिंग (पायथियात क्वार्कना जोडणाऱ्या दोऱ्या, त्या तुटून कण बनतात) एकमेकींशी परत जोडल्या गेल्यामुळं. लीड-लीड (शिशाच्या अणुगाभ्यांच्या) टकरीत अशी चढण दिसली की लोक प्रवाह म्हणतात, सगळे कण एका वेगानं बाहेर ढकलले गेले, जड कणाला जास्त मोमेंटम मिळाला. इथं तसा काही प्रवाह पायथियानं टाकलेलाच नाही आणि तरी तसंच चित्र दिसतं. नुसत्या सरासरी पीटीवरून प्रवाह आहे असं म्हणायची घाई करू नये हे माझं ठाम मत झालंय.

12 नोव्हेंबर

दिवाळी झाली, मधी रब्बीची पेरणी, सगळं जरा सैल पडलं होतं. आता छापील आकड्यांशी तुलना. एकूण गुणोत्तर जवळ येतं, अ‍ॅलिसकडं दर शंभर पायॉनमागं साधारण 13 केऑन आणि 5-6 प्रोटॉन. पण पीटीप्रमाणं बघितलं तर 1 जीईव्हीच्या वर पायथियाचे केऑन कमी पडतात, आणि हे मोनाश ट्यूनचं माहीत असलेलं दुखणं आहे. स्ट्रेंज क्वार्क (केऑनमध्ये असतो तो) किती वेळा बनावा याचा पॅरामीटर त्यात 0.217 आहे. तो वाढवून बघितला तर केऑन सगळ्या पीटीला वाढतात, खाली जास्तीचे होतात, आकार काही सुधारत नाही. नुसतं एक बटण फिरवून हे जुळणारं नाही.

याच्याशी जोडलेली मोठी गोष्ट म्हणजे अ‍ॅलिसचा 2017 चा नेचर फिजिक्समधला पेपर: प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतसुद्धा ट्रॅक वाढले की स्ट्रेंज कणांचं प्रमाण वाढतं, आणि ज्यात स्ट्रेंज क्वार्क जास्त त्याचं जास्त वाढतं, तीन स्ट्रेंज क्वार्क असलेल्या ओमेगाचं सगळ्यात जास्त. पायथियाच्या साध्या सेटिंगमध्ये ही वाढ येत नाही, आमच्या रनमध्ये पण केऑन-पायॉन रेषा सपाटच आली.

25 नोव्हेंबर

सेमिनार झाला. बाहेरून आलेल्या मॅडमनी स्लाईडवरच्या मिसळलेल्या भागातल्या एका ठिपक्यावर पॉइंटर ठेवून विचारलं, हा केऑन आहे कशावरून? शुभांगी म्हणली, मॅडम, हा केऑन आहे असं आमचं म्हणणंच नाही, या बिनमध्ये केऑन किती आणि त्यात एरर किती एवढंच आमचं म्हणणं आहे. मग मॅडमनी फीड-डाऊनवरून, 80 का 120 वरून, एक्स्ट्रापोलेशनवरून बराच वेळ खोदून विचारलं आणि आमच्याकडं प्रत्येकाचा तक्ता होता.

रिपोर्टात राहिलेलं: सिस्टिमॅटिक एररचा तक्ता पीटीप्रमाणं वेगळा छापायचा, एकच आकडा देऊन भागवायचं नाही. अँटिप्रोटॉनच्या शोषणावर एक परिच्छेद, आमच्या नकली डिटेक्टरमध्ये माल नाही हे स्पष्ट लिहून. कोड ज्युनिअर्सना द्यायचा, कॉमेंट मराठीत ठेवल्यात.

पुढच्या सेमिस्टरला फाय मेसॉन. वस्तुमान 1019 एमईव्ही, निम्म्याच्या आसपास वेळा चार्ज असलेल्या दोन केऑनमध्ये फुटतो, म्हणजे केऑन ओळखायचं जे बसवलंय तेच वापरून जोड्या लावायच्या. सर हो म्हणलेत, 13 टीईव्हीचा रन शुभांगीनं दुपारीच चालू केला.